धाकट्या भाषेची कॅसेट

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे, हे माझ्याकडे पाहिल्यावर खरं तर वेगळं सांगावं लागू नये. तरी सांगतो, कारण परवाच शेजारच्या सोनूने मला उचलून विचारलं, "काकू, हा टोस्टर आहे का?" मित्रांनो, ज्याने समुद्रापलीकडच्या चार भाषा ऐकल्या, त्याने आता पाव भाजायचे! असो. इतकी वर्षं नारायण पेठेत काढल्यावर अपमान फारसा लागत नाही.

माझा जन्म जपानचा. सिंगापूरच्या एका दुकानात काचेआड बसलो होतो, तिथून अनिरुद्ध सरांनी मला उचललं. सर पुण्याचे, भाषांचे अभ्यासक. पुण्याच्या माणसाने परदेशात एखादी वस्तू घ्यायची म्हणजे दुकानदाराची परीक्षाच. सरांनी माझं प्रत्येक बटण दाबून पाहिलं, उलटं करून पाहिलं, "बॅटरीवर चालतो ना? दमट हवेत टिकेल ना?" असं चारचारदा विचारलं आणि शेवटी कातडी पिशवी फुकट पदरात पाडून घेतली. मला त्यांचा अभिमान वाटला होता. इतकं पारखून घेणारा माणूस आपल्याला नीट सांभाळील, असं वाटलं होतं.

माझ्या पोटात काय आहे तेही आत्ताच सांगतो, म्हणजे पुढे मध्येच थांबावं लागणार नाही. माझ्यात दोन हेड आहेत. लाल बटण दाबलं की कॅसेटची फीत आधी पहिल्या हेडपाशी जाते, आणि त्यावर जे काही असेल ते पुसलं जातं. मग ती दुसऱ्यापाशी जाते आणि तिथे नवा आवाज उमटतो. पुसलेलं परत आणणारं हेड कुणी बसवलेलं नाही.

सरांनी मला थेट न्यू गिनीला नेलं. नकाशात ऑस्ट्रेलियाच्या डोक्यावर ते भलंमोठं बेट दिसतं. तिथे शेकडो भाषा आहेत, आणि त्यातल्या पुष्कळ भाषांना मिळून पापुअन म्हणतात. पण त्या सगळ्या एका घरच्या आहेत असं मात्र समजू नका. सर म्हणायचे, "आपल्या इमारतीतल्या बिऱ्हाडांचा पत्ता एक, म्हणून सगळे काय नातेवाईक झाले? नशीब, नाही झाले." त्या एवढ्या गर्दीत सारोम नदीच्या काठी सरांना एक इवलीशी डहाळी सापडली होती. चारच भाषा, पण सख्ख्या बहिणी. एकीचा शब्द दुसरीत किंचित वेगळा होऊन यायचा, आणि तो आला की सर लहान मुलासारखे टाळी द्यायला हात पुढे करायचे. समोरच्या माणसाला टाळी कशाची ते कळायचं नाही, पण तोही द्यायचा.

चौघींतल्या तिघी धडधाकट होत्या. त्यांच्यात भांडणं व्हायची, बाजार व्हायचे, पोरांना रागावणं व्हायचं. चौथीला सर 'धाकटी' म्हणत. ती बोलणारी एकच बाई उरली होती. तिची मुलंबाळंही तिच्याशी शेजारच्या भाषेत बोलत. आपण तिला आजी म्हणू.

आजीला मी पहिल्या दिवशी आवडलो नाही. सरांनी तिचाच आवाज तिला वाजवून दाखवला तर ती मला फटकावायला धावली. मग आठवड्याभरात अशी काही गट्टी जमली की विचारू नका. ती रताळी भाजताना मला चुलीजवळ बसवायची, माझ्यावर राख उडाली की पदरासारखं फडकं फिरवायची. सर शब्द विचारायचे, हाताला काय म्हणता, पाण्याला काय म्हणता, आणि ती उत्तर माझ्याकडे बघून द्यायची. इतक्या वर्षांनी तिच्या भाषेत तिचं ऐकून घेणारं कुणी मिळालं होतं. मी उलट बोलत नव्हतो, हे तिला अधिकच आवडलं असावं.

त्या नदीकाठी एक रीत आहे, ती लक्षात ठेवा. माणूस गेलं की त्याचं नाव घ्यायचं नाही. घरातल्यांनी नाही, गावातल्यांनी नाही. मग मेलेल्याच्या स्वतःच्या भाषेत त्याचं बोळवणीचं गाणं म्हणायचं. ते गाणं झालं की नाव मोकळं होतं आणि घरातल्या नातवंडाला ते देतात. गाणं झालं नाही तर नाव अडकून पडतं, आणि ते नाव ज्या नातवंडाचं, तेही बिननावाचं राहतं.

आता आजीची अडचण तुमच्या ध्यानात आली असेल. तिच्यासाठी तिच्या भाषेत गाणार कोण? एके दिवशी सकाळी ती अंघोळ करून, गळ्यात कवड्यांची माळ घालून माझ्यासमोर येऊन बसली. सर शब्दांची यादी काढू लागले, तर तिने हाताने थांबवलं. बाजारात चालणारी एक मिश्र बोली तिथे सगळ्यांना येते, तीत ती म्हणाली, "आज शब्द नाहीत. आज मी माझं गाणं म्हणते. मी गेल्यावर हे यंत्र इथे आणायचं आणि लावायचं."

स्वतःची बोळवण स्वतः गाणारी बाई मी तरी दुसरी पाहिली नाही. आधी तिने आपलं नाव सांगितलं आणि मग डोळे मिटून गायला लागली. आवाज कापरा होता, मध्ये एकदा ठसका लागला. पण शेवटी शेवटी तो असा काही चढला की बाहेर कोंबड्यांमागे पळणारी पोरं दाराशी येऊन उभी राहिली. गाणं संपल्यावर सरांनी कॅसेट बाहेर काढली. कॅसेटच्या पाठीवर दोन बारीक कप्पे असतात, त्यांवरचे प्लास्टिकचे तुकडे मोडले की त्या कॅसेटवर पुन्हा काही भरता येत नाही. लाल बटण दबतच नाही. सरांनी ते तुकडे तिच्यादेखत मोडले. "आता हे कुणालाही पुसता येणार नाही," ते म्हणाले. "मी स्वतः घेऊन येईन. माझा शब्द."

तिने सरांच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मग माझ्याही. मित्रांनो, तो शब्द सरांनी एकट्याने दिला, पण साक्षीला मला ठेवलं होतं.

पुण्यात आल्यावर माझे चांगले दिवस होते. सरांच्या टेबलावर माझी जागा होती. सर एकेक ओळ दहादहा वेळा ऐकत, पुढे नेत, मागे आणत. विमलाबाई, म्हणजे सरांच्या पत्नी, चहाचा कप ठेवताना म्हणायच्या, "साऱ्या जगाच्या भाषा कळतात ह्यांना. 'दळण आणा' एवढंच तेवढं कळत नाही." चार वर्षांनी सरांचं जाडजूड पुस्तक आलं. त्यात चारही बहिणी होत्या, त्यांची व्याकरणं होती, शब्द शेजारीशेजारी मांडलेले होते. परदेशातून पत्रं आली. शब्दांच्या कॅसेट एका संस्थेने मागून नेल्या आणि थंड खोलीत ठेवल्या. गाण्याची कॅसेट तेवढी घरात राहिली. संस्थेला शब्द हवे होते, आणि सर म्हणाले, "गाणं हा काही माझा विषय नाही."

मला तेव्हाच टोचलं होतं. पण म्हटलं, घरात आहे ते बरंच झालं. नेऊन द्यायची आहे ना तिकडे!

मग सरांचा सत्कार ठरला. शाल, श्रीफळ, संध्याकाळी मोठं सभागृह. सरांना वाटलं, आपलं भाषण भरून ठेवावं. भर दुपारी तयारीला लागले तर घरात कोरी कॅसेट नाही.

"अगं, एखादी कोरी कॅसेट आहे का?"

"दुकानात आहेत."

"आत्ता दुकान कोण उघडणार? दीड वाजलाय."

हे मात्र खरं होतं. एक ते चार पुण्यात कॅसेट काय, औषध मिळायची मारामार. दुकानदाराला उठवायला गेलं तर तो कॅसेट देण्याऐवजी चार शब्द सुनावणार. आणि चारला तर सरांना न्यायला गाडी येणार होती.

सरांनी खण उघडला आणि आजीची कॅसेट हातात घेतली. तिच्यावर त्यांच्याच अक्षरात 'धाकटी, गाणं' असं लिहिलेलं होतं, तेव्हा चुकून झालं असं कुणी म्हणू नका. ते थोडा वेळ तिच्याकडे पाहत उभे राहिले. मग आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाले, "शब्द तर उतरवून घेतलेत. नुसता सूरच काय तो राहिलाय." विमलाबाई स्वयंपाकघरात होत्या, त्यांनी ऐकलं नाही. मी ऐकलं. सरांनी चिकटपट्टीचे दोन तुकडे कापले आणि ते मोडलेले कप्पे झाकले. एवढंच करावं लागतं. शब्द मोडायला चिकटपट्टी पुरते, हे मला त्या दिवशी समजलं.

सभागृहात मला टेबलावर ठेवलं, शेजारी हार आणि पाण्याचा तांब्या. सरांनी लाल बटण दाबलं आणि ते दबलं. न दबण्याचं माझ्या हातात असतं तर मी तुटलो असतो पण दबलो नसतो. फीत पुढे सरकू लागली. एकीकडून आजी येत होती, तिचं नाव, तिचा ठसका, तो चढलेला सूर, आणि पहिल्या हेडपाशी ती एकेक करून नाहीशी होत होती. दुसऱ्या हेडपाशी सर उमटत होते. ते सांगत होते, "नदीकाठच्या त्या निरक्षर माणसांचा आवाज मी जपून आणला, तो माझ्याकडे त्यांची ठेव आहे." टाळ्यांचा कडकडाट झाला. समोर बसलेल्या एक बाई डोळे पुसत होत्या. मला वाटलं ओरडावं. पण मी पडलो यंत्र, दुसऱ्याने भरलेलंच बोलणार.

तिथून पुढे मी सरांचा राहिलो नाही. त्यांना पत्ताही नव्हता. घरात नवी यंत्रं आली, माझ्या पोटातला रबरी पट्टा सैल झाला आणि मी माळ्यावर गेलो, मोदकपात्र आणि मोडक्या मखराच्या शेजारी. कॅसेट माझ्या पोटातच राहिली. ती ओझ्यासारखी वाटायची.

आजी गेल्याची बातमी आली तेव्हा मी माळ्यावरच होतो. सर फोनवर कुणाला तरी म्हणत होते, "हो, हो, पाठवायचीय ती कॅसेट. जरा शोधायला हवी." मग जेवायला बसले. आमटीत मीठ कमी आहे म्हणाले.

आता अगदी अलीकडचं. एका रविवारी सकाळी दारावरची बेल वाजली. विमलाबाईंनी दार उघडलं, तर बाहेर एक उंच, कुरळ्या केसांची मुलगी उभी. "नमस्कार काकू. मी जसिंता. सर आहेत?" मराठी तोडकं होतं, बिबवेवाडीतल्या घरमालकीणबाईंनी शिकवलेलं. ती पुण्यात शिकायला आली होती. भारतात जायचं ठरलं तेव्हा तिने बाकीची शहरं सोडून पुणंच मागून घेतलं. कारण लहानपणापासून ती ऐकत आली होती, की आजीचं गाणं पुण्याला आहे.

ती आजीची थोरली नात. पुढचं बोलणं इंग्रजीत झालं, मी तुम्हाला मराठीत सांगतो. ती म्हणाली, "सर, जसिंता हे माझं चर्चमधलं नाव. घरचं नाव मला अजून मिळालेलं नाही. ते आजीचं आहे. गाणं वाजलं की आई मला ते देईल. ते द्यायचा हक्क थोरल्या लेकीचा, म्हणजे आईचाच, आणि ती फार थकलीय. ती गेली की नावही गेलं."

"असेल, असेल," सर म्हणाले. "घरातच असेल. शोधू आपण." ते विसरले होते की विसरल्याचं दाखवत होते, हे मला आजही सांगता येत नाही. माणूस स्वतःलाही इतकं फसवू शकतो, की शेवटी खोटं कोण बोलतंय तेच कळेनासं होतं.

माळ्यावरून मला विमलाबाईंनीच काढलं. त्यांना या वयात शिडीवर चढायचं नव्हतं, पण त्या चढल्या. धूळ पुसताना म्हणाल्या, "मेल्या, तुझ्या पोटात पोरीचं नाव आहे म्हणे. नीट चाल हो." त्या बिचारीला काय माहीत! मंडईमागच्या बोळात नियाजभाईंचं दुरुस्तीचं दुकान आहे, तिथे मला नेलं. त्यांनी विरघळलेला पट्टा काढला, नवा घातला, हेड स्पिरिटने पुसलं आणि स्वतःचीच एक कॅसेट लावून पाहिली. "काकू, मशीन एकदम कडक आहे. बंद ठेवलं म्हणून रुसलं होतं. आता बिनधास्त वाजवा." इतक्या वर्षांनी कुणी कौतुक केलं, आणि मी मनात म्हणत होतो, नियाजभाई, बिघडू दे मला. आज तरी बिघडू दे.

पुढच्या रविवारी जसिंता आली ती गळ्यात कवड्यांची माळ घालून. तिने मोबाइल माझ्यासमोर उभा केला. पडद्यावर तिची आई, पाठीमागे मामा, मावश्या, अख्खं गाव दाटीवाटीने बसलेलं. सगळे अंघोळ करून, नटून आलेले. तिकडचं नेटवर्क ये-जा करत होतं, पण माणसं हलत नव्हती. विमलाबाईंनी मला हळदीकुंकू लावलं. सर खुर्चीत बसले होते, गुडघ्यावर हात ठेवून.

जसिंताने बटण दाबलं. आधी खरखर झाली. पडद्यावरच्या आईने डोळे मिटले.

मग माझ्यातून सर बोलू लागले. "अध्यक्ष महाराज आणि उपस्थित बंधुभगिनींनो..."

कुणी हललं नाही. सगळ्यांना वाटलं, गाण्याच्या आधी काही तरी प्रस्तावना असेल. पुण्याचा कार्यक्रम आहे, प्रस्तावना असणारच. भाषण चालू राहिलं. ठेव, आवाज, जपणूक, सगळं आलं, आणि मग टाळ्यांचा कडकडाट झाला. पडद्यावरच्या आईने डोळे उघडले. "कोण टाळ्या वाजवतंय?" तिने लेकीला विचारलं. "आईचं गाणं चालू असताना टाळ्या कोण वाजवतंय?"

जसिंताने सरांकडे पाहिलं. विमलाबाईंनी आवाज ओळखला होता. त्या हळूच म्हणाल्या, "अहो, हा तर तुमचा सत्कार."

सरांनी उठून कॅसेट उलटी केली. त्या बाजूला भाषणाचा उरलेला भाग होता आणि आभारप्रदर्शन होतं. त्यांनी ती परत सुलटी केली. पुन्हा उलटी केली. तेव्हा त्यांचं बोट त्या चिकटपट्टीवरून गेलं. ते थांबले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर मला खरं काही तरी दिसलं. पण ते क्षणभरच. लगेच ते कपाटाकडे वळले आणि आपलं पुस्तक घेऊन आले.

"शब्द आहेत," ते म्हणाले. "शब्द सगळे आहेत इथे, हे बघ." त्यांनी पान उघडलं. गाण्यातल्या दोन ओळी तिथे क्रियापदाचं उदाहरण म्हणून छापल्या होत्या, मध्ये मध्ये आडव्या रेघा देऊन, निवडलेल्या भाजीसारख्या तोडून. सरांनी त्या वाचल्या. उच्चार अचूक होते, त्यात मी खोट काढणार नाही. पडद्यावरच्या म्हाताऱ्या आईने मान पुढे केली, ऐकलं, आणि जराशी वाट पाहिली.

"म्हणा ना," जसिंता म्हणाली. "तुम्ही तर इतक्या वेळा ऐकलंय. गाऊन म्हणा."

सरांनी तोंड उघडलं. त्या भाषेतलं साऱ्या जगात त्यांच्यापेक्षा अधिक कुणाला कळत नव्हतं. पण त्यांना सूर आठवेना. "मी... सूर उतरवून घेतला नाही," ते म्हणाले. "तो माझा विषय नव्हता."

विमलाबाई उठून आत गेल्या. भांडी आधीच घासलेली होती, तरी नळ बराच वेळ वाहत राहिला.

सरांनी चष्मा काढून पुसला. त्यांना काही तरी द्यायचं होतं, निदान असं मला वाटतं. "पुस्तकाची नवी आवृत्ती निघतेय," ते म्हणाले. "पहिल्या आवृत्तीत मी नुसतंच 'माहिती देणारी एक वृद्ध स्त्री' असं लिहिलं होतं. आता पहिल्या पानावर तुझ्या आजींचं नाव छापतो. मोठ्या अक्षरात. काय बरं होतं त्यांचं नाव?"

जसिंताने मोबाइल उचलला आणि पडदा आपल्या छातीशी धरला, आईला दिसू नये म्हणून.

"तेच तर मी तुमच्याकडे मागायला आले होते, सर," ती म्हणाली. ती आत जाऊन विमलाबाईंना वाकून नमस्कार करून आली, चपला घातल्या आणि जिना उतरून गेली.

मित्रांनो, तुमच्याकडे कुणी काही जपायला दिलं, तर त्यातलं आपल्या कामाचं काय आणि बिनकामाचं काय, हे ठरवायला बसू नका. ते देणाऱ्याने आधीच ठरवलेलं असतं. आणि शब्द देताना साक्षीला एखादी मुकी वस्तू ठेवणार असाल, तर ती ऐकत असते एवढं ध्यानात ठेवा.

सर आता मला माळ्यावर टाकत नाहीत. टेबलावर ठेवलंय, वरून रुमाल घातलाय. त्यांना माझ्याकडे पाहवत नसावं. पाहायचं मलाही नसतं.

ते नाव मला माहीत आहे. आजीने माझ्यासमोर बसून, मान ताठ करून ते सांगितलं होतं. मोठं नाही, लहानसंच आहे, आणि कानाला गोड आहे. एवढं सगळं तुम्हाला सांगितलं, तसं तेही सांगून टाकलं असतं. पण गाणं झाल्याशिवाय ते घ्यायचं नसतं. या घरात तिची ठेव एकाने तरी जपायला हवी.